कॉमन अ‍ॅप: फॉर्म चांगला, पण काउन्सेलर कुठून आणायचा?

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जायचं म्हटलं की पहिली गाठ पडते ती कॉमन अ‍ॅपशी. १९७५ साली १५ खाजगी कॉलेजांनी मिळून एक सामायिक अर्ज काढला, त्याचं हे आजचं ऑनलाइन रूप. हजाराहून जास्त कॉलेजं त्यावर आहेत, चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची आहे आणि खातं उघडायला एक पैसा लागत नाही. दरवर्षी १ ऑगस्टला नवा हंगाम सुरू होतो. हे परीक्षण २०२५-२६ च्या हंगामातल्या फॉर्मचं आहे आणि ते महाराष्ट्र राज्य मंडळातून बारावी करणाऱ्या मुलामुलींना समोर ठेवून लिहिलं आहे. आयबी किंवा केंब्रिजच्या शाळेतल्या मुलांना यातल्या निम्म्या अडचणी येतच नाहीत. तिथे या कामासाठी पगारी माणूस बसलेला असतो.

निकाल आधीच सांगून टाकू. विद्यार्थ्याने भरायचा भाग: पाचपैकी साडेचार. ज्युनिअर कॉलेजने भरायचा भाग: पाचपैकी दोन, आणि तेही सढळ हाताने. या फॉर्मने गृहीत धरलंय की प्रत्येक शाळेत एक काउन्सेलर, म्हणजे मुलांना पुढच्या शिक्षणाचं मार्गदर्शन करणारा माणूस असतो, तो तुम्हाला चार वर्षं ओळखतो आणि नववी ते बारावीचं तुमचं सगळं रेकॉर्ड त्याच्याकडे एका कागदावर तयार असतं. आपल्याकडे दहावीला शाळा सुटते, अकरावीला ज्युनिअर कॉलेज सुरू होतं, आणि क्लासशी ‘टाय-अप’ असलेलं कॉलेज असेल तर शिक्षकांनी तुमचा चेहरा प्रॅक्टिकलच्या दिवशीच पाहिलेला असतो. चांगल्या मुलांचे अर्ज इथेच लंगडे पडतात. घरातले सगळे मात्र निबंधाचीच काळजी करत बसलेले असतात.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. नाव ‘कॉमन’ असलं तरी हे आपल्या इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडसारखं नाही. इथे मेरिट लिस्ट नाही, पसंतीक्रम नाही, सीट अलॉट होत नाही. कॉमन अ‍ॅप फक्त तुमचा अर्ज पोचवतं. निर्णय प्रत्येक कॉलेज आपापला घेतं. एका खात्यातून जास्तीत जास्त २० कॉलेजं जोडता येतात, पण वीसच्या वीस भरायच्या भानगडीत पडू नये. नामांकित कॉलेजांची फी प्रत्येकी साधारण ७५ ते ९० डॉलर असते, म्हणजे दहा कॉलेजांचे आठशे डॉलर नुसते अर्जालाच गेले. शिवाय प्रत्येकाचे जादा निबंध वेगळे. आठ ते दहा अर्ज नीट भरणं हेच बारावीच्या वर्षात पुरेसं काम आहे. एमआयटी कॉमन अ‍ॅपवर नाही, तिचा स्वतःचा फॉर्म आहे. बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांचाही वेगळा. त्यावर पुढे येतोच.

नावापासूनच सुरुवात

पहिलं पान प्रोफाइलचं. सोपं वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ झालेलं असतं. सॅटची, म्हणजे अमेरिकेत पदवी प्रवेशासाठी धरल्या जाणाऱ्या परीक्षेची, नोंदणी घाईत केली असेल तर तिथे वडिलांचं नाव गाळलेलं. आता एकाच मुलाची तीन नावं तीन कागदांवर. नियम एकच: पासपोर्टवर जसं आहे तसंच कॉमन अ‍ॅपवर, सॅटला आणि इंग्रजीच्या परीक्षेला. वडिलांचं नाव ‘मिडल नेम’च्या रकान्यात. मार्कशीटवरच्या क्रमाचा खुलासा ट्रान्सक्रिप्टखाली (म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या एकत्र पत्रकाखाली) एका ओळीत करून घ्यावा. पासपोर्ट नसेल तर तो आधी काढा, बाकीचं नंतर.

शिक्षणाच्या पानावर जीपीएचा, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या सरासरी गुणांचा, रकाना येतो आणि हात शिवशिवतात. ९१ टक्के म्हणजे ४ पैकी किती, याचे तक्ते नेटवर ढिगाने मिळतात. त्यातला एकही वापरू नका. तुमचं कॉलेज जीपीए देत नसेल तर रकाना मोकळा सोडायचा. रँक देत नसेल तर ‘नन’ (None) निवडायचं. टक्के कसे वाचायचे हे अमेरिकन कॉलेजांना माहीत असतं, त्यांच्याकडे भारतातले अर्ज वर्षानुवर्षं येतात. स्वतः केलेलं रूपांतर ट्रान्सक्रिप्टशी जुळलं नाही की मग मात्र शंका येते.

याच पानावर बारावीचे सगळे विषय टाकायचे असतात. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजी टाकून मुलं थांबतात. आयटी, मराठी, पर्यावरण, जे असेल ते सगळं यायला हवं, कारण विषय कमी दिसले तर अभ्यासक्रम हलका वाटतो. परीक्षांच्या पानावर एक लांबलचक प्रश्न आहे: तुमच्या शिक्षणपद्धतीत शेवटी राज्य किंवा राष्ट्रीय मंडळाची परीक्षा होते का? राज्य मंडळाच्या मुलांनी ‘हो’ म्हणायचं. तिथे बारावीच्या विषयांची नोंद होते, आणि निकाल मे महिन्यात लागणार असल्यामुळे अपेक्षित गुण द्यावे लागतात. हे अपेक्षित गुण तुमच्या मनाचे नाहीत. कॉलेजने लेटरहेडवर दिलेत तेच इथे यायला हवेत. जेईई आणि सीईटी इथे बसत नाहीत.

सॅटबद्दल थोडक्यात. करोनाच्या काळात ती बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक झाली होती. आता हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल, एमआयटी यांनी पुन्हा सक्तीची केली आहे. ‘सॅट लागत नाही’ हे दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत ऐकलं असेल तर ते विसरून कॉलेजचं स्वतःचं पान वाचा.

१५० अक्षरांत ढोल

या फॉर्मचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीजचं पान. दहा जागा. प्रत्येकीत पदासाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५०. स्पेस आणि स्वल्पविरामही मोजले जातात. शिवाय कुठल्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. बस. पाल्हाळाला जागाच नाही, आणि प्रमाणपत्रांची फाइल जोडायला इथे बटणही नाही. प्रमाणपत्रांवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे विचित्र वाटतं, पण पद्धत न्याय्य आहे.

समजा मुलगी पुण्यात ढोल पथकात आहे. पहिल्या खर्ड्यात हमखास येतं: ‘मी ढोलताशा पथकाची सदस्य आहे. यातून मला शिस्त, संघभावना आणि संस्कृतीचे महत्त्व कळाले.’ या दोन वाक्यांत वाचणाऱ्याला काही दिसत नाही. शिस्त तर एनसीसीतही कळते. हेच असं लिहिता येतं: ‘६० जणांच्या पथकात ताशाची रांग सांभाळते, १५ नवख्यांना ताल शिकवले, विसर्जनाला सलग ५ तास वादन, ढोलाची पानं बदलणं, दोऱ्या ताणणं.’ अर्थात हे इंग्रजीत बसवायचं, आणि ‘मी’ गाळून थेट क्रियापदाने सुरुवात करायची. पथक म्हणजे काय हे संस्थेच्या नावाच्या १०० अक्षरांत उरकायचं: पथकाचं नाव, आणि पुढे गणेशोत्सवातलं पारंपरिक तालवाद्य पथक, पुणे. वर्णनातली अक्षरं त्यावर खर्च करू नयेत.

आता तासांचा हिशोब. पथकाचा सराव पावसाळ्यात सुरू होऊन गणपतीपर्यंत चालतो, म्हणजे आठ-दहा आठवडे. मुलं तिथे ५२ लिहितात, कारण मोठा आकडा बरा दिसतो. मग दहाही नोंदींचे तास कुणी बेरीज केले तर आठवड्याला ७० तास निघतात, आणि त्यात कॉलेज, क्लास, झोप यायचीच असते. वाचणारी माणसं ही बेरीज करतात. आठवड्याला १२ तास आणि वर्षाला १० आठवडे हे खरं असेल तर ते पुष्कळ आहे.

आपल्याकडची बरीच मुलं घरकामाच्या आणि धंद्याच्या नोंदी करतच नाहीत. प्रकारांच्या यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम अशा दोन्ही वेगळ्या नोंदी आहेत. आजोबांचं डायलिसिस असेल आणि आठवड्यातून दोनदा तुम्ही सोबत जात असाल, वडिलांच्या दुकानात संध्याकाळचा गल्ला सांभाळत असाल, सुट्टीत गावी द्राक्षाच्या छाटणीला उभे राहत असाल, तर ते इथे येतं. अमुक एका ‘ग्लोबल लीडरशिप समिट’ला पन्नास हजार भरून मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरतं. जेईईचा क्लास मात्र अ‍ॅक्टिव्हिटी नाही.

पारितोषिकांना पाच जागा, प्रत्येकी १०० अक्षरं, आणि इयत्ता नववीपासून पुढची. त्यामुळे पाचवीची-आठवीची स्कॉलरशिप इथे बसत नाही, कितीही जिवापाड मिळवलेली असली तरी. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीत आणि नववीत असते. नववीचं पदक चालतं, सहावीचं नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा नववीत दिली असेल तर राज्य पातळी म्हणून टाकता येते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा टाकताना ‘मध्यमा पूर्ण’ एवढंच लिहिलं तर कुणाला बोध होणार नाही. एकूण पायऱ्यांपैकी ही कितवी, हे लिहा. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी आयओक्यूएम, पुढे आरएमओ, मग आयएनएमओ. इथेही पुढे किती पायऱ्या आहेत आणि आपण कुठवर गेलो, हे सांगितलं तरच किंमत कळते.

निबंध: ६५० शब्द, त्यात एकही सुविचार नको

मुख्य निबंधाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द. सात विषय दिलेले असतात, सातवा म्हणजे ‘काहीही लिहा’. कुठला निवडला याला गुण नाहीत. शाळेत आपण निबंध लिहायला शिकतो ते सुविचाराने सुरू करून सुविचाराने संपवायला. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ इंग्रजीत नेलं म्हणून नवं होत नाही. दुसरा हमखास सापळा म्हणजे सहल काढून झोपडपट्टीत वह्या वाटल्या आणि डोळे उघडले. हे वाचून वाचणाऱ्याला मुलाबद्दल एवढंच कळतं की त्याच्याकडे वह्या घ्यायला पैसे होते.

जमणारा निबंध बहुतेक वेळा एका लहान, नेमक्या गोष्टीवर उभा असतो: एसटीच्या वेळापत्रकातल्या चुका शोधण्याचा नाद, बिघडलेला मिक्सर उघडण्याची खोड, आजीशी मालवणीत आणि मित्रांशी हिंदीत बोलताना बदलणारा स्वतःचा सूर. त्यातून मुलाचं डोकं कसं चालतं ते दिसावं. पहिला खर्डा मराठीत लिहायला काही हरकत नाही, उलट तो जास्त खरा उतरतो. फक्त मग इंग्रजी खर्डा कोऱ्या पानावर नव्याने लिहा, भाषांतर करू नका.

एआयबद्दल नियम स्पष्ट आहे. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हे कॉमन अ‍ॅपच्या फसवणुकीच्या व्याख्येत बसतं, आणि ‘हे सगळं माझंच आहे’ यावर सही तुम्ही करता. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांनाही हेच लागू.

याच पानावर दोन ऐच्छिक चौकटी आहेत. एक, अडचणी आणि परिस्थिती सांगायला, २५० शब्दांची. दुसरी, अधिक माहितीची. ती आधी ६५० शब्दांची होती, या हंगामात ३०० वर आणली आहे. जुन्या मार्गदर्शनात अजून ६५० च सापडेल. राज्य मंडळाच्या मुलांनी ही दुसरी चौकट फुकट घालवू नये. दहावीची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वर काढलेली असते, कला-क्रीडेचे सवलतीचे गुण धरले तर ती फुगून शंभरालाही टेकू शकते. बारावी ६०० गुणांची. फिजिक्सला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल, मॅथ्सला ८० आणि २०. अकरावीची परीक्षा कॉलेजची अंतर्गत, मंडळाची नाही. हे सगळं कोरड्या चार ओळींत. रडगाणं नको, दुसरा निबंध तर मुळीच नको.

आता कॉलेजच्या ऑफिसात

इथून या सेवेचे गुण घसरतात. शिफारसकर्त्यांना बोलवण्याआधी ‘फर्पा’ नावाच्या, विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या अमेरिकन कायद्याखालची संमती द्यावी लागते. त्यात विचारतात: पुढे कधी ही पत्रं वाचायचा हक्क सोडता का? सोडलेला बरा. नाहीतर पत्र मुलाच्या नजरेखालून जाणार म्हणून जपून लिहिलंय, असा अर्थ निघतो.

काउन्सेलरला चार कामं असतात: स्कूल रिपोर्टचा फॉर्म, ट्रान्सक्रिप्ट, स्कूल प्रोफाइल आणि स्वतःचं पत्र. यासाठी काउन्सेलर हा हुद्दा असलेला माणूस असलाच पाहिजे असं नाही. प्राचार्य, उपप्राचार्य, वर्गशिक्षक, कुणीही चालतं. माणूस त्या कॉलेजचा हवा आणि ईमेल त्याचा स्वतःचा हवा. परदेशी शिक्षणाच्या एजन्सीतला सल्लागार इथे चालत नाही. काही ठिकाणी ‘सरांच्या नावाने ईमेल आम्हीच काढतो, तुम्ही काळजी करू नका’ असं सांगितलं जातं. काळजी तिथेच करायची. तो सरळसरळ बनावट शिफारसकर्ता आहे. उघडकीस आला तर मिळालेला प्रवेशही जातो.

ट्रान्सक्रिप्ट हा शब्द क्लार्कला सांगितला तर तो विद्यापीठाकडे बोट दाखवतो. त्यामुळे नमुना तुम्हीच टाइप करून न्या. एका पानावर नववी, दहावी, अकरावी आणि बारावीची सहामाही. विषय, मिळालेले गुण, पैकी किती. नववी-दहावीच्या गुणांपुढे शाळेचं नाव आणि मंडळ. खाली बारावीचे अपेक्षित गुण विषयवार, प्राचार्यांची सही, गोल शिक्का, तारीख. शाळा मराठी माध्यमाची असेल तर नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत असतं. त्याचं इंग्रजी भाषांतर शाळेच्याच लेटरहेडवर करून मूळ प्रतीसोबत जोडायचं. दहावीची शाळा आणि बारावीचं कॉलेज वेगळं असल्यामुळे दोन्हीकडचे कागद काउन्सेलरनेच अपलोड करायचे आहेत, हे त्यांना आधी नीट समजावून सांगावं लागतं.

टाय-अप कॉलेजात सहामाही झालेलीच नसते, अशी अडचण येते. अशा वेळी क्लासच्या चाचण्यांचे गुण कॉलेजच्या शिक्क्याखाली घालू नयेत. प्राचार्यांनी विषय शिक्षकांना विचारून अपेक्षित गुण द्यावेत आणि अंतर्गत परीक्षा होत नाही हे पत्रात सरळ लिहावं.

स्कूल प्रोफाइल म्हणजे कॉलेजची एक-दोन पानी ओळख: गाव, मंडळ, शाखा, तुकड्या, विद्यार्थीसंख्या, शिकवायचं माध्यम, गेल्या वर्षीच्या बारावीच्या निकालाचे टप्पे, रँक देतात की नाही. निकालाचे टप्पे सगळ्यात महत्त्वाचे. ८४ टक्के हा आकडा एकटा असला तर मध्यम दिसतो; त्या कॉलेजात ८० च्या वर चारच मुलं गेली असतील तर तोच चमकतो. ही माहिती ऑफिसात असतेच, नीट मांडलेली नसते. कॉलेजने एकदा हे पान केलं की पुढच्या प्रत्येक मुलाला उपयोगी पडतं.

शिक्षकांच्या पत्रांची संख्या कॉलेजगणिक बदलते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन दोन शिक्षकांची मागतात. पत्राबरोबर एक गुणांकनाचा तक्ताही असतो. आपल्याकडचं पत्र हमखास चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासारखं उतरतं: हुशार, होतकरू, आज्ञाधारक, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला ‘आज्ञाधारक’ ही तक्रार वाटू शकते. सरांना पत्र लिहून नेऊ नका. एक पानभर टिपण द्या. कुठल्या धड्याला काय प्रश्न विचारला होता, कुठलं प्रॅक्टिकल चुकलं आणि परत कसं केलं, सायन्स एक्झिबिशनला काय बनवलं. त्यातला एखादा प्रसंग त्यांच्या पत्रात आला की काम झालं. सरांना इंग्रजीत लिहायला संकोच वाटत असेल तर त्यांनी मराठीत लिहावं, त्याच कॉलेजच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करून सही करावी आणि दोन्ही प्रती एकत्र जाव्यात. अकरावीत न ओळखणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा ओळखणारे तासिका तत्त्वावरचे सर कधीही बरे.

वेळेचं बोलायचं तर अर्ली फेरीची, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निर्णय मिळवायच्या फेरीची, मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी त्याच्याच आगेमागे. २०२४ साली लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं. ऑफिस बंद, प्राचार्य गावी, शिक्का कपाटात. म्हणून कागद गणपतीआधी तयार आणि अपलोड नवरात्राच्या आत, असं धरून चालावं. कॉलेजकडून येणारे कागद मुदतीनंतर थोडे उशिरा पोचले तर अमेरिकन कॉलेजं सहसा सांभाळून घेतात. विद्यार्थ्याच्या भागाला मात्र ती सवलत नाही.

इतकं सगळं करूनही कॉलेज दाद देत नसेल तर दोन वाटा आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फॉर्मला सुरुवातीला ना शिफारसपत्र लागतं ना ट्रान्सक्रिप्ट; गुण स्वतः भरायचे, आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं द्यायची, सॅट बघतच नाहीत. मुदत नोव्हेंबरअखेरच्या सुमारास. दुसरी वाट कॉमन अ‍ॅपवरच आहे: इलिनॉयसारखी मोठी सरकारी विद्यापीठं शिफारसपत्रं मागत नाहीत.

पैशाचा चौकोन आणि सबमिटचं बटण

कॉलेजनिहाय प्रश्नांत एक छोटा प्रश्न असतो: गरजेवर आधारित आर्थिक मदत मागणार का? ‘आधी प्रवेश मिळू दे, मग बघू’ हा आपला हिशोब इथे अंगाशी येतो. बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत निर्णय घेतानाच हे उत्तर बघतात, आणि आता ‘नाही’ म्हटलं तर पुढच्या चार वर्षांत मागता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट, एमआयटी यांसारखी मोजकी ठिकाणं परदेशी विद्यार्थ्यालाही मदत मागितली म्हणून मागे टाकत नाहीत. मदतीसाठी बहुतेक खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म मागतात. कॉमन अ‍ॅपशी त्याचा संबंध नाही, आणि त्यात वडिलांचा फॉर्म १६, आयकर विवरण, घर, शेती, ठेवी सगळं येतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मराठीत असतो, त्याचं भाषांतर लागेल.

अर्जाची फी जड जात असेल तर फी माफीची सोय फॉर्ममध्येच आहे. निकष अमेरिकेतल्या योजनांचे आहेत, पण शेवटचा पर्याय शाळेच्या अधिकाऱ्याच्या पत्राचा असतो. तो परदेशी विद्यार्थ्याला मान्य करायचा की नाही, हे ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. एक ईमेल करून विचारावं.

‘अर्ली डिसिजन’ निवडताना घरात बसून बोला. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, आणि त्यावर विद्यार्थी, पालक, काउन्सेलर तिघांच्या सह्या. मदतीची रक्कम किती मिळेल हे माहीत नसताना ही सही करायची असते. ‘अर्ली अ‍ॅक्शन’ मध्ये असं बंधन नाही.

आता हिरव्या खुणा. प्रत्येक भाग भरला की हिरवी टिक येते आणि जीव भांड्यात पडतो. ती टिक एवढंच सांगते की सक्तीचे रकाने रिकामे नाहीत. बरोबर आहेत असं नाही. शिवाय काही निबंधांचे प्रश्न तुम्ही शाखा निवडल्यावरच उघडतात. कॉर्नेलमध्ये इंजिनीअरिंगचा निबंध वेगळा, आर्ट्स अँड सायन्सेसचा वेगळा. शाखा शेवटच्या रात्री निवडली तर शेवटच्या रात्री नवा निबंध समोर येतो. सगळ्या कॉलेजांच्या शाखा ऑगस्टमध्येच तात्पुरत्या निवडून ठेवा, म्हणजे एकूण किती लिहायचंय ते कळेल.

मुदत रात्री ११:५९, आणि ती तुमच्या इथल्या घड्याळाने. अमेरिकेत अजून दुपार आहे म्हणून आणखी काही तास मिळतील, हा हिशोब चुकीचा. सबमिट करताना तीन टप्पे असतात: पीडीएफ तपासणं, फी भरणं, परत येऊन सही करून पाठवणं. फी भरताना वेगळं पान उघडतं, कार्डाचा ओटीपी येतो, पैसे कटतात, आणि मुलं झालं म्हणून लॅपटॉप मिटतात. अर्ज तसाच पडून राहतो. स्क्रीनवर रंगीत कागदांची उधळण दिसली तरच तो गेला. काही कॉलेजांत जादा निबंधांचा भाग वेगळा सबमिट करावा लागतो, तोही बघून घ्यावा. आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड आदल्या आठवड्यातच तपासा.

पीडीएफ तपासण्याची सोय हा या सेवेचा मोठा गुण. वाचणाऱ्याला अर्ज जसा दिसणार तसाच तो तिथे दिसतो. घाई न करता मोठ्याने वाचावा, शक्यतो दुसऱ्या कुणी. एका कॉलेजच्या निबंधात दुसऱ्याचं नाव राहिलेलं इथेच सापडतं. पाठवल्यावर त्या कॉलेजचा अर्ज बदलता येत नाही, पण पुढच्यांसाठी निबंध आणि अ‍ॅक्टिव्हिटीज सुधारता येतात. म्हणून सगळ्यात आवडतं कॉलेज सगळ्यात आधी पाठवू नये.

अर्ज गेल्यावर प्रत्येक कॉलेज आपल्या पोर्टलचं लॉगिन ईमेलने पाठवतं. ते स्पॅममध्ये जातं. कुठला कागद पोचला, कुठला नाही, हे तिथेच दिसतं, कॉमन अ‍ॅपवर नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काउन्सेलरला मिड-इयर रिपोर्ट भरायचा असतो. त्याच दिवसांत आपल्याकडे प्रिलिम आणि प्रॅक्टिकल असतात, सर बाहेरच्या केंद्रावर परीक्षक म्हणून गेलेले असतात. प्रिलिमचे गुण लागल्या दिवशीच तो फॉर्म त्यांच्याकडून भरून घ्यावा. प्रवेश मिळाला तर निकालानंतर अंतिम रिपोर्ट जातो, त्याला बारावीची मार्कशीट लागते. ऑनलाइन निकालाची प्रिंट बहुतेक वेळा पुरत नाही. मूळ मार्कशीट कॉलेजात आली की त्याच दिवशी शिक्क्याची प्रत करून अपलोड करायला सांगा, कारण सुट्टी लागली की तो माणूस पुन्हा जूनपर्यंत भेटत नाही.